वळणावर ताई रस्त्याच्या मधोमध

ताईच्या नाकावर राग असतो असं म्हणणाऱ्यांना ताई नीट कळलेलीच नाही. नुसता नाकावर असता तर रुमालाने पुसता आला असता. तो तिच्या अंगात भिनलेला आहे, आणि भिनला आहे तेच बरं आहे. तो नसता तर गावातल्या बायका आज सायकलीवरून कामाला जाताना दिसल्या नसत्या.

ज्या रस्त्यावरून त्या जातात तो रस्ता म्हणजे एक वैतागच. दोन्ही बाजूंना उंच झुडपांचं कुंपण, कुंपणाच्या पायथ्याशी पाण्याचा चर आणि मध्ये जेमतेम एका टँकरपुरतं डांबर. टँकर गेला की उरलेल्या जागेत सायकल मावते, सायकलवरच्या बाईचं कोपर मावेलच असं नाही. अर्ध्या वाटेवर ओढ्यावरचा दगडी पूल लागतो आणि पुलाच्या तोंडाशीच वळण. पलीकडून काय येतंय ते पुलावर चढल्याशिवाय कळायचं नाही. रुंदी वाढवायची म्हणून लोक म्हातारे झाले, रस्ता मात्र तेवढाच राहिला.

रस्त्याच्या शेवटाला दोन ठिकाणं आहेत, एक डेअरी आणि दुसरं अळंबीच्या शेड. ताई अळंबी खुडते. अंधाऱ्या, दमट शेडमध्ये छतापर्यंत लाकडी मांडण्या, मांडण्यांवर काळं खत आणि खतातून वर आलेल्या पांढऱ्या टोप्या. कपाळाला दिवा बांधायचा, टोपी तीन बोटांत धरायची, हलकेच पिळून काढायची, बुटक्या सुरीने देठ छाटायचा आणि टोपलीत ठेवायची. टाकायची नाही, ठेवायची. टाकली की डाग पडतो. अळंबीचं एक वाईट असतं, ती कुणासाठी थांबत नाही. पहाटे बटणाएवढी घट्ट असलेली टोपी उन्हं वर येईपर्यंत उघडून छत्री होते, आणि छत्री झालेला माल मुकादम नाक मुरडून बाजूला सारतो. म्हणून बायकांना उजाडताच शेडमध्ये उभं राहावं लागतं.

नेमकी तीच वेळ दुधाच्या टँकरांची. गोठ्यांवरून दूध भरायचं आणि ऊन तापायच्या आत डेअरीत ओतायचं. म्हणजे दोन्हीकडचा माल उतावळा आणि रस्ता एवढासा. त्यात टँकर चालवणाऱ्यांपैकी एक जण ताईचा सख्खा धाकटा भाऊ.

तो आज नातवंडांचा आजोबा आहे, पण ताईसाठी बाळ्याच. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईने त्याला कडेवर घेऊन वाढवलं, त्याचं नाक पुसलं, त्याच्या पाठीत धपाटेही घातले. त्यामुळे सगळा गाव ज्याला वचकून असायचा, त्याला ती चारचौघांत "बाळ्या, शर्टाची बटणं लाव आधी" असं सुनवायची. बरोबरीचे ड्रायव्हर त्याला भोंगा म्हणत. कारण उघड होतं. त्याच्या टँकरच्या टपावर तीन पितळी कर्ण्यांचा हॉर्न होता. बाळ्या ते कर्णे दर सुट्टीला घासूनपुसून लख्ख करायचा. वहिनी म्हणजे त्याची बायको म्हणायची, "माझ्याकडे इतक्या प्रेमाने एकदा तरी बघितलंय का?" त्यावर बाळ्या म्हणायचा, "तू त्याच्यापेक्षा मोठ्याने वाजतेस, तुला घासायची काय गरज?"

हॉर्न वाजवायची त्याची पद्धत ठरलेली होती. पुढे सायकल दिसली की लांबून एकदा, जवळ आल्यावर पुन्हा आणि अगदी पाठीशी गेल्यावर जोरात. यात त्याला स्वतःचा चांगुलपणा वाटायचा, हे लक्षात घ्या. "मी कुणाच्या मागून चोरासारखा जात नाही," तो छाती पुढे काढून सांगायचा. "आधी कळवतो, मग जातो." बाकीचे ड्रायव्हर त्याचंच बघून शिकले होते. सकाळच्या त्या वेळी रस्त्यावर जो गोंगाट चालायचा, त्याला ते सगळे मिळून सभ्यपणा समजत होते.

आता सायकल. ताई ती साठी जवळ आल्यावर शिकली. तोवर ती आयुष्यभर कुणाच्या तरी मागे बसून फिरली होती. नवरा होता तेव्हा त्याच्या स्कूटरच्या मागे. तो गेला, मग बाळ्याच्या टँकरच्या केबिनमध्ये. बाळ्या मायेनेच न्यायचा, त्याबद्दल वाद नाही. पण माया झाली तरी तिची वाट नाक्यावर उभं राहूनच बघावी लागते. एकदा कुठल्याशा गोठ्यावर गाय अडली आणि बाळ्याला यायला उशीर झाला. ताई शेडमध्ये पोचली तेव्हा तिच्या मांडणीवरच्या टोप्या फटाफट उघडल्या होत्या. मुकादम काही बोलला नाही, नुसती मांडणी दाखवून निघून गेला. ताईला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने रखवालदाराची जुनी सायकल ओढून बाहेर काढली.

शेडच्या आवारात पुढचे कित्येक दिवस नुसता तमाशा चालला होता. दोन बायका कॅरिअर धरून मागे धावायच्या, तिसरी "पुढे बघ, पुढे बघ, चाकाकडे काय बघतेस!" म्हणून ओरडायची आणि ताई बरोबर खताच्या ढिगात जाऊन रुतायची. कपाळाला टेंगूळ, कोपराला पट्टी आणि तोंडाने अखंड शिव्या. पण एका दुपारी मागच्या बायका धाप लागून थांबल्या आणि ताई पुढे जातच राहिली. आवाराला फेरी मारून ती परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुणी धरलं नव्हतं?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. "खरंच कुणी धरलं नव्हतं?"

घरून कामावर ती पहिल्यांदा सायकलीने आली त्या सकाळी तिने फाटकाशीच सगळ्यांना सांगितलं, "आज माझी मी आले." एवढंच. पण कुणी मेडल गळ्यात घालावं तसा तिचा चेहरा झाला होता. तिचं बघून जाडी शिकली, मग चष्मेवाली शिकली, मग एकेक करत निम्मी शेड सायकलवर आली. पहाटे गावाच्या वेशीपाशी सगळ्या जमायच्या, अंगात शेडचे तपकिरी कोट, डोक्याला रुमाल, आणि गप्पा मारत निघायच्या. हॉर्न ऐकू आला की बिचाऱ्या कडेच्या गवतात शिरायच्या. त्यांचाही तो सभ्यपणाच होता. गाडीवाल्याला घाई असते, आपण बाजूला व्हावं, एवढं साधं.

आणि मग तो दिवस उजाडला. ताई त्या दिवशी एकटीच होती, थोडी मागे राहिली होती. पुलाच्या वळणाशी आली, नेहमीसारखी कडेच्या गवताला चिकटून. मागून हॉर्न आला, लांबून एक, जवळून दुसरा. तिसरा अगदी कानाशी फुटला तशी ती दचकली आणि कोण आहे ते बघायला तिने उजव्या खांद्यावरून मान वळवली. नव्याने शिकलेल्या माणसाची मान वळली की त्याबरोबर हँडलही वळतं. सायकल गवतातून सरळ डांबरावर आली. ब्रेक किंचाळले, टँकर तिरका झाला, ताईने घाबरून हँडल उलटं ओढलं आणि ती सायकलीसकट चरात.

केबिनमधून उडी मारून जो खाली आला तो बाळ्या. चरात चिखलाने माखून बसलेली बाई आपली बहीण आहे हे कळल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ताईच्या तोंडचं मात्र अजिबात पळालं नाही.

"मेल्या, डोळे फुटले का तुझे?"

"ताई, मी हॉर्न दिला होता! तीनदा दिला होता!"

"दिलास म्हणूनच पडले ना!"

"अगं, लोक हॉर्न ऐकून बाजूला होतात, तू मध्ये आलीस!"

"मी मध्ये आले? मी गवतात होते, गवतात! आणखी कुठे जाऊ, कुंपणावर चढू?"

बाळ्याने तिला हात धरून वर काढलं. तिचा गुडघा फुगत होता. त्याने तिला उचलून केबिनमध्ये बसवलं. डेअरीच्या फाटकाशी आल्यावर तो एकदम स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. ताईने ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

आता खरी पंचाईत पुढे आहे. दुसऱ्या कुणी ड्रायव्हरने मागणी केली असती तर ताईने त्याला उभा आडवा सोलला असता. पण गावसभेच्या अध्यक्षांकडे जाऊन "सकाळच्या वेळी त्या रस्त्यावर सायकलींना बंदी करा" असं सांगणारा पहिला माणूस बाळ्याच होता. बाकीचे ड्रायव्हर त्याच्या मागे उभे राहिले. बंदी झाली तर बायकांना कालव्यावरून लांबच्या वळशाने जावं लागणार, म्हणजे उजाडताच शेडमध्ये पोचणं विसरा, म्हणजे निम्म्या जणींनी काम सोडा आणि उरलेल्यांनी कुणाची तरी गाडी शोधा.

ताईला हे वहिनीकडून कळलं. लंगडत लंगडत ती भावाच्या घरी आली. बाळ्या स्वयंपाकघरात चहा पीत होता.

"तू सांगितलंस?"

"हो." त्याने मान वर केली नाही. "ताई, मी तुला मारलं असतं. माझ्या हाताने. मला झोप लागत नाही."

"म्हणून मी घरी बसू?"

"घरी कशाला? मी सोडीन ना तुला. रोज सोडीन. कधीही उशीर करणार नाही, आईची शपथ."

"मला सोडायला मी काय दुधाचा कॅन आहे?" ताईचा आवाज चढला. मग तो एकदम उतरला, आणि असं फार क्वचित होतं. "बाळ्या, आयुष्यात मी एकच गोष्ट माझ्या एकटीच्या जोरावर केलीय रे. ती तरी काढून घेऊ नकोस."

बाळ्याने कप खाली ठेवला. वहिनी चुलीजवळून म्हणाली, "भांडण्यापेक्षा एक करा ना. गुडघा बरा होईपर्यंत ताई केबिनमधून जाणारच आहेत. त्यांनी तिथून रस्ता बघावा. आणि तुम्ही तुमच्या सुट्टीच्या दिवशी सायकलवर बसून बघा. मग सभेत कोण काय बोलायचं ते बोला."

"सायकल? मी?" बाळ्या हसला.

"का, झेपायचं नाही?" ताई म्हणाली, आणि विषय संपला.

केबिनमधले ते दिवस ताईला जड गेले. पहिल्या सकाळी सूर्य नुकताच वर आला होता आणि काचेतून सरळ डोळ्यांत येत होता. ती आरामात बसली होती. बाळ्याने एकदम ब्रेक मारला. "काय झालं?" तिने विचारलं. त्याने बोट दाखवलं. कुंपणाच्या सावलीत, कुंपणाच्याच रंगाचे कोट घालून जाडी, चष्मेवाली आणि आणखी दोघी चालल्या होत्या, तिघी शेजारी-शेजारी सायकलवर आणि चौथी त्यांना काहीतरी सांगायला मध्ये घुसलेली. ताईला त्या दिसल्याच नव्हत्या. वर्षानुवर्षांच्या मैत्रिणी, आणि तिला दिसल्या नव्हत्या! तिचं धाबं दणाणलं. "अगं बायांनो, जरा नीट चाला ना!" ती काचेवर हात मारत ओरडली. बाळ्या गालातल्या गालात हसला. वर आणखी म्हणाला, "बोल की अजून, मी रोज हेच बोलतो."

दुसरी गोष्ट तिला पुलापाशी कळली. पुढची सायकल गवतात शिरली की ड्रायव्हरला वाटतं, ही बाई आपल्याला वाट देतेय. तो वळणावरच पुढे घुसतो. समोरून काही आलं की त्याला डावीकडे दाबण्यावाचून इलाज नसतो, आणि डावीकडे तर ती बाई असते. "म्हणजे आम्ही बाजूला होतो, तेच चुकतं?" ताईने विचारलं. बाळ्याने खांदे उडवले. त्याने कधी असा विचार केला नव्हता.

त्याची पाळी सुट्टीच्या दिवशी आली. ताईच्या गुडघ्याची सूज उतरली होती. बाळ्या पोटावर पट्टा आवळून रखवालदाराच्या सायकलवर बसला, ताई पुढे आणि तो मागे. सुरुवातीला फुशारक्या मारत होता. चढावर फुशारक्या थांबल्या, मग बोलणंही थांबलं आणि नुसती धाप ऐकू येऊ लागली. पुलाच्या अलीकडे मागून एक मोटार आली. मोटारवाला भला माणूस होता, त्याने कळवलं. जवळ येऊन मोठ्याने कळवलं. बाळ्याच्या पाठीत कुणीतरी काठी घातल्यासारखा तो आवाज बसला. त्याने वळून बघितलं, हँडल वळलं, त्याने ते घाबरून उलटं ओढलं, आणि आमचे भोंगासाहेब ज्या चरात त्यांची बहीण पडली होती त्याच चरात, तेवढ्याच चिखलात!

"कुठल्या गाढवाने शिकवलं रे हॉर्न वाजवायला?" तो चरातून गरजला.

ताई सायकल धरून वर उभी होती. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता तिला रस्त्यातच बसावं लागलं. "तूच," ती म्हणाली. "सगळ्यांना तूच शिकवलंस." बाळ्याने तोंडावरचा चिखल पुसला. मग तोही हसायला लागला. शेवटी म्हणाला, "ताई, हा आवाज असा लागतो हे मला ठाऊकच नव्हतं गं."

सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली. एका बाजूच्या बाकांवर ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला बायका, आणि फळ्यासमोर टेबलाशी अध्यक्ष. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता, पण त्याला भांडण मिटवण्यापेक्षा संपवण्याची घाई असायची. तो बंदी जाहीर करायच्याच बेतात होता. ताई उठली. तिचं तोंड कसं सुटतं हे माहीत असल्याने ड्रायव्हर कान झाकायच्या तयारीने बसले.

"चूक आमची आहे," ताई म्हणाली.

ड्रायव्हरांचे कानाकडे निघालेले हात तसेच राहिले. जाडीने तर "ताई, बरं नाही का वाटत?" असं कुजबुजून विचारलं.

"आम्ही कुंपणाच्या रंगाचे कोट घालतो. तिघी-तिघी गप्पा मारत जातो. आणि वळणावर गवतात शिरून तुम्हाला पुढे यायचं आमंत्रण देतो. मी केबिनमधून बघितलंय, माझ्याच मैत्रिणी मला दिसल्या नाहीत." मग ती ड्रायव्हरांकडे वळली. "आता तुमची चूक कोण सांगतंय?"

बाळ्या उभा राहिला. "मी सांगतो. आपण हॉर्न देतो ना, तो त्यांना बाजूला करत नाही, आपल्या चाकाखाली आणतो. मी स्वतः चरात पडलोय. आणि बंदीची मागणी माझी होती, ती मी मागे घेतो." कुणीतरी खो खो हसलं. बाळ्याने त्याच्याकडे बघितलं तसं हसू थांबलं.

मग ताईने सुचवलं की वळणावर गाड्यांनी सायकलींच्या मागेच राहायचं, आणि बराच कल्ला झाला. एक ड्रायव्हर म्हणाला, बायकांच्या मागे रांगत जायला आम्ही काय लग्नाच्या मिरवणुकीत आहोत? चष्मेवाली म्हणाली, चरातून रुग्णालयात जायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी लागेल. शेवटी अध्यक्षाने टेबलावर हात आपटला. महिनाभर तुमच्या पद्धतीने करून बघा, म्हणाला, पण एक जरी भांडण, एक जरी पडझड झाली तर बंदी, आणि मग माझ्याकडे कुणी यायचं नाही.

पद्धत त्यांनी आपसांत ठरवली. वळणाआधी बायकांनी एकामागे एक व्हायचं आणि कडेला नाही, रस्त्याच्या मधोमध चालवायचं, म्हणजे मागच्याला पुढे घुसायची इच्छाच होणार नाही. पूल ओलांडला की शेताच्या फाटकापाशी रस्ता जरा फुगतो, तिथे सगळ्यांनी आत घ्यायचं आणि पुढच्या बाईने हात वर करून गाड्यांना सोडायचं. गाडीवाल्यांनी अंतर ठेवायचं, आणि पाठीशी हॉर्न नाही म्हणजे नाही. कपड्यांचं कोडं जाडीने सोडवलं. अळंबीचं खत पिवळ्याधमक पोत्यांतून येतं. तिने रिकामी पोती धुऊन त्यांची बिनबाह्यांची जाकिटं शिवली. घालून बायका निघाल्या तेव्हा सगळी शेड हसली, पण त्या लांबच्या गोठ्यावरून दिसत होत्या.

बोलणं सोपं होतं. पाठीशी टँकर घुरघुरत असताना रस्त्याच्या मधोमध राहायचं म्हणजे जिवावर येतं. मानेवर काटा उभा राहतो, हात आपोआप डावीकडे ओढ घेतात. पहिल्या आठवड्यात चष्मेवाली दर वळणाला रडकुंडीला यायची. ताई पुढून ओरडायची, "मध्ये राहा! तो तुला बघतोय, तू त्याला बघू नकोस!" तिकडे ड्रायव्हरांची वेगळीच गत. अंगठा सवयीने हॉर्नवर जायचा. बाळ्याने तर हॉर्नच्या बटणावर वहिनीचा जुना मोजा बांधून ठेवला. मोजा दिसला की अंगठा माघारी फिरायचा. इतर ड्रायव्हर त्याची टर उडवायचे आणि हळूच घरून मोजे आणायचे.

महिना संपत आला तेव्हा अध्यक्ष स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आला. सकाळी धुकं होतं. सगळ्यात पुढे ताई, तिच्या मागे पिवळ्या जाकिटांची ओळ, त्यामागे बाळ्याचा टँकर, आणखी दोन टँकर आणि सर्वांत शेवटी अध्यक्षाची मोटार. वळण आलं. ताईने घंटी वाजवली आणि ओळ मधोमध आली. मागे टँकर मंदावले. अध्यक्षाला पुढचं काही दिसेना. त्याला घाईची सवय. त्याने हॉर्न दिला.

बाळ्याच्या मागच्या दोन्ही टँकरांच्या खिडक्यांमधून ड्रायव्हरांची डोकी बाहेर आली. "शू!" दोघं एकदम म्हणाले. तेही अध्यक्षाला! एक तर ओठांवर बोट ठेवून डोळे वटारत होता, वर्गात बडबडणाऱ्या मुलाला गप्प करावं तसा.

हॉर्नने जाडीची सायकल जराशी डगमगली. ताईने मागे न बघता आवाज दिला, "मध्ये राहा!" जाडी मध्ये राहिली. आणि त्याच क्षणी पुलाच्या पलीकडून, धुक्यातून, गवताने काठोकाठ भरलेली ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर आला. पूल त्याने अख्खा व्यापला होता. ताईने हात वर केला. ओळ थांबली, टँकर थांबले, मोटार थांबली. ट्रॅक्टरवाल्याने सावकाश पूल उतरून लगेच बाजूच्या शेताच्या वाटेला ट्रॉली वळवली, टोपी वर करून सगळ्यांना नमस्कार केला आणि धडधडत निघून गेला.

कुणी वळणावर पुढे घुसलं असतं तर काय झालं असतं, ते प्रत्येकाला कळलं होतं. अध्यक्ष मोटारीतून उतरून चालत पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आधी ट्रॅक्टर गेला त्या दिशेने बघत राहिला, मग ताईकडे.

"मी हॉर्न द्यायला नको होता," तो म्हणाला.

"नको होता," ताईने सरळ सांगितलं.

"बंदी नाही. आजपासून तो विषय बंद. ताई, तुम्ही व्हा पुढे."

बायकांनी असा जल्लोष केला की कुंपणातली पाखरं उडाली. चष्मेवाली जाडीच्या गळ्यात पडली आणि दोघींच्या सायकली एकमेकींत अडकून खाली आपटल्या. महिन्याभरातली एकमेव पडझड ती. ताईने रुमालाने डोळे पुसले, पॅडलवर पाय ठेवला आणि पूल ओलांडला.

फाटकापाशी पोचल्यावर तिने शिस्तीत सायकल आत घेतली, बाकीच्यांनीही घेतली. तिने हात वर केला, जा म्हणून. टँकर हलला नाही. तिने पुन्हा हात केला. काचेमागे बाळ्याने मान हलवली, नाही.

"अरे, निघ ना! दूध तापेल!"

"तापू दे!" तो खिडकीतून ओरडला. "आज तू पुढे!"

"वेडा झालास का? उशीर होईल तुला!"

"ताई, पन्नास वर्षं तू मला वाढवलंस, मला एकदा उशीर होऊ दे की!"

काय करणार? ती निघाली. मागे मैत्रिणी, त्यांच्यामागे टँकर, टँकरांच्या मागे अध्यक्षाची मोटार, सगळं सायकलीच्या चालीने आणि एकही हॉर्न नाही. धुकं विरलं होतं. पाठ ताठ ठेवून ताई डांबराच्या मधोमध चालली होती आणि हसत होती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं ते तिने पुसलं नाही. शेडच्या फाटकाशी ही लांबलचक रांग बघून मुकादम बाहेर आला आणि हातातलं टोपलं तसंच धरून उभा राहिला.

ताई फाटकाशी उतरली. बाळ्याने टँकर तिच्या बरोबरीला आणून खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोळे त्याचेही लाल होते.

"उद्या याच वेळेला निघणार?"

"याच वेळेला."

"मग मी मागे येतो."

"ये," ताई म्हणाली. "पण अंतर ठेवून."